बॉनेटखाली जेट नको, ओलं फडकं पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पितृपंधरवडा सरत आला की कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातल्या वॉशिंग सेंटरांसमोर गाड्यांच्या रांगा लागतात. खंडेनवमीला गाडीची पूजा, दसऱ्याला झेंडूचा हार, मग दिवाळीची सुट्टी लागली की साताऱ्याकडे, जुन्नरकडे कूच. आमच्या भागात माथाडी कामगारांची कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे गावी न्यायची गाडी लख्ख हवी हा आग्रह घरोघरी असतो. त्यात गैर काहीच नाही. पण गाडी धुऊन होत आली की बाजूला उभा असलेला मालक एक वाक्य हमखास टाकतो, ‘बॉनेट उघडून आत पण मार रे जरा.’ म्हणजे इंजिनावरही जेटने, प्रेशर वॉशरच्या जोराच्या फवाऱ्याने, पाणी मार. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

मी धंद्याने ऑटो इलेक्ट्रिशियन. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, हल्ली स्कॅनर लावून सेन्सरची कामं. दसऱ्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्या दुकानात जी गर्दी होते, तिच्यात त्या वाक्याचा वाटा मोठा असतो. तेव्हा आज मी स्वतःच्याच पोटावर पाय देतोय असं समजायला हरकत नाही.

तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी मिसिंग मारते, म्हणजे झटके देत चालते. चेक इंजिनचा दिवा लागलाय. सकाळी लवकर चालू होत नाही, दुपारी होते. एसीचा पंखा अधूनमधून बंद पडतो. मी विचारतो, ‘इंजिन धुतलं होतं का?’ उत्तर येतं, ‘हो, पण त्याला झाले की दोन आठवडे, तेव्हा तर मस्त चालत होती.’ खरी गोम इथेच आहे. पाणी मारलं आणि जागच्या जागी गाडी बंद पडली, तर मालकाला निदान कारण कळतं. इथे पाणी आज शिरतं आणि बिल महिन्याने येतं, म्हणून दोन्हींची सांगड कुणी घालत नाही. वॉशिंग सेंटरवाल्याला तर कधीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने गाडी चालत आली आणि चालत गेली.

असं का होतं ते एका कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या सॉकेटवर, सांगतो. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या टोकाला जोडलेला हा काळ्या प्लास्टिकचा तुकडा बोटाच्या दोन पेरांएवढा. आत तीन-चार पिना, तोंडाशी नारिंगी किंवा निळ्या रबराची बारीक रिंग, वरून एक टिचकीचं लॉक. नव्या गाडीत रिंग मऊ असते आणि लॉक घट्ट बसतं. पाच-सात वर्षं इंजिनाच्या उष्णतेत शेकल्यावर रिंग कडक होते, आणि मध्ये कुणी घाईत ओढाताण केली असेल तर लॉकचा दात तुटलेला असतो. बाहेरून बघाल तर कपलर आपल्या जागी बसलेला. मी तो ओढून काढतो तेव्हा पिनेच्या मुळाशी हिरवट बुरशी दिसते, आणि कधी कधी रिंगच्या मागे अजून पाण्याचा थेंब असतो. ती बुरशी म्हणजे तांब्याचा गंज. पुष्कळशा सेन्सरना गाडी फक्त ५ व्होल्ट देते आणि त्यातल्या थोड्याशा फरकावरून इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो. मध्ये हिरवी बुरशी बसली की सेन्सर धडधाकट असूनही कॉम्प्युटरला चुकीचा निरोप जातो. मग गिऱ्हाईक आधी कुठेतरी नवा सेन्सर टाकून येतं, दिवा परत लागतो, आणि स्वारी माझ्याकडे. काम पाच मिनिटांचं असतं, पण ते पाच मिनिटांचं काम नेमकं कुठे आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

‘अहो, पण कंपनीने सगळं वॉटरप्रूफच दिलेलं असतं ना?’ हा प्रश्न रोजचा. कपलरवर किंवा सेन्सरच्या माहितीत ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लोक पाण्याला दाद न देणारा असा घेतात. त्या चाचणीत वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास नुसती बुडवून ठेवतात. शांत पाण्यात. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, तिचा आकडा वेगळा असतो आणि बॉनेटखालचा प्रत्येक भाग ती पास झालेला नसतो. साधा घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्या आसपास दाब देतो. तुमच्या टायरात हवा असते साधारण सव्वादोन बार. एवढ्या दाबाचं पाणी हातभर अंतरावरून रबराच्या जुन्या रिंगवर बसलं तर ती रिंग काय करणार? फ्यूज बॉक्सचं झाकण तर वरून उडालेल्या शिंतोड्यांपुरतंच असतं. आणि अल्टरनेटरला थंड हवा हवी म्हणून कंपनीनेच त्याला चहूबाजूंनी खिडक्या ठेवलेल्या असतात. तिथे गन धरणं म्हणजे विषय संपला.

दुसरी गोष्ट तापलेल्या इंजिनाची. वॉशिंग सेंटरला आपण गाडी चालवत नेतो, म्हणजे इंजिन गरमच असतं. गरम कपलरच्या आत गरम हवा असते. त्यावर गार पाणी पडलं की ती हवा आकसते आणि बाहेरचं पाणी रिंगच्या फटीतून आत ओढून घेते. जेट नसेल, नुसता पाइप असेल, तरीही हे होतं. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागावर, एकदम गार पाणी पडून तडा जाण्याचा धोका वेगळाच.

पावसाळ्यात गाडी पाण्यातून जाते, तेव्हा का नाही काही होत, असंही विचारतात. होतं की! जुलैत माझ्याकडे त्याही गाड्या येतात. पण पाऊस वरून पडतो, बॉनेट आणि त्याच्या कडेची रबरपट्टी पाणी बाजूला नेते, खालून उडणारं पाणी प्लास्टिकच्या आडोशाला अडतं. डिझाइन करणाऱ्याने पाणी कुठून येणार याचा विचार केलेला असतो. वॉशिंग सेंटरचा पोऱ्या बॅटरीच्या मागे वाकून तिरकी गन धरेल, हे त्याच्या हिशेबात नसतं.

पूर्वी असं नव्हतं, हेही खरं. पद्मिनीच्या बॉनेटखाली कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि चार वायरी. पाणी गेलंच तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, सुक्या फडक्याने पुसायची, गाडी चालू. धुण्याची सवय त्या काळातली, गाड्या मात्र बदलल्या. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर तर सेन्सर आणखी वाढले. सवय काही बदलली नाही.

मग इंजिन मळलेलंच ठेवायचं का? अजिबात नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली काय साठतं ते मला विचारा. धुळीचा थर ऑइलच्या ओलाव्यावर बसला की त्याची काळी खळ होते, आणि खाली गळती सुरू असली तरी दिसत नाही. बॉनेट साफ करावंच. फक्त ते काम जेटचं नाही, बादलीभर पाण्याचं आहे, आणि ते घरच्या पार्किंगमध्ये, घरच्या माणसाने केलेलं सर्वांत चांगलं. पोऱ्याला दहा मिनिटांत पुढची गाडी घ्यायची असते. तुम्हाला घाई नसते.

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सावलीत. हँडब्रेक ओढलेला. चावी काढलेली, आणि बटणस्टार्ट गाडी असेल तर चावी घरात, खिशात नको. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरतो, म्हणून त्याच्या पात्यांत बोटं घालू नका. हातातली अंगठी, कडं, घड्याळ, बांगड्या आधी उतरवा. हे मी ओरडून सांगतो, कारण बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकाच वेळी टेकलेली अंगठी क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही. मग १० नंबरचा पाना घ्या आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. मायनसच आधी का? प्लस आधी सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर सरळ शॉर्ट. मायनस काढलेलं असेल तर पाना कुठेही लागला तरी काही होत नाही. जोडताना उलट, मायनस शेवटी. गाडीतलं घड्याळ परत लावावं लागेल, काही गाड्यांत काचांचं ऑटो परत शिकवावं लागतं, तेवढा त्रास सोसा. नुसती सुकी धूळच झटकणार असाल तर बॅटरी सोडायची गरज नाही.

पहिलं काम कोरडं. वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी काळी जाळी असते, तिथून सुरुवात करा. आपल्या सेक्टरांतल्या रस्त्यांच्या कडेला गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष. गुलमोहराचं पान म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी पानं, ती कुठल्याही फटीतून आत जातात. सोनमोहराच्या पिवळ्या फुलांचा पावसात चिखल होतो. हा सगळा चोथा जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भोकांत अडकतो, पाणी तुंबतं, आणि ते एसीच्या पंख्याच्या वाटेने पायाखालच्या गालिच्यात उतरतं. ‘एसीतून कुबट वास येतो’ म्हणून आलेल्या गाडीचं मी आधी हे भोक बघतो. हाताने काढा, राहिलेलं व्हॅक्यूमने ओढा. हवेचा ब्लोअर मारून आत ढकलू नका.

त्यानंतर रंगाचा दोन इंची ब्रश. त्याच्या दांड्यावर जी पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर आधी इन्सुलेशन टेप गुंडाळा. ती पट्टी टर्मिनलला टेकली तर पान्यासारखीच ठिणगी पाडते. वरून खाली झाडत या. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या जाळीवर ब्रश दाबू नका, त्याच्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या बोटाने दाबल्या तरी वाकतात, आणि वाकल्या की हवा अडते. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त गाड्यांचं काम इथेच संपतं. लोकांना ते पटत नाही, कारण कोरड्या सफाईत धुतल्याचं समाधान नाही.

आता ओलं. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर, एअर फिल्टरची हवा ओढायची नळी, कॉइल आणि उघडे कपलर, यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड. जेट नाही मारायचा तरी पिशव्या लावा, फडक्याचं पाणी ओघळतं. बादलीत थोडं पाणी, त्यात टोपणभर कार शाम्पू. फडकं बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की दाबलं तरी थेंब पडू नये. प्लास्टिकची कव्हरं, रबरी होज, बॉनेटची आतली बाजू यांवर ते फिरवा. बॉनेटला आतून लावलेली फेल्टची गादी मात्र भिजवू नका. जिथे ऑइलची खळ आहे तिथे पाण्यात मिसळून वापरायचा डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रव, घ्या, पण तो इंजिनावर फवारू नका. ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या, चोळा, मिनिटभराने ओल्या फडक्याने टिपा. तीव्र डीग्रीझर ॲल्युमिनियमवर सुकला तर पांढरे डाग पडतात आणि ते जन्मभर राहतात. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे बेल्टात आणि कपलरच्या लॉकमध्ये अडकतात. जुना बनियन त्याहून बरा.

रॉकेल आणि डिझेलने इंजिन पुसायची पद्धत गॅरेजांत अजून आहे. त्याने चमक येते यात शंका नाही. पण रबरी होज त्याने फुगतात, आणि जो तेलकट पापुद्रा उरतो तो दोन दिवसांत दुप्पट धूळ धरतो. पेट्रोलने पुसणारेही मी पाहिलेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली इंजिनाच्या तळाशी साचते. मग कुणीतरी बॅटरीचं टर्मिनल जोडतं आणि बारीकशी ठिणगी पडते. यापुढे काय होतं ते लिहायला नको.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट पावडर असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसेल, घाबरू नका, तो आम्ल मारतोय. त्या पाण्याचा थेंब बॅटरीच्या आत जाता कामा नये, आणि हात-डोळे जपा. पुसून, सुकवून, टर्मिनल परत कसल्यावर वरून थोडं पेट्रोलियम जेली. याने जितक्या गाड्या सकाळी चालू होतील तितक्या नव्या बॅटरीनेही होणार नाहीत, असं मी बॅटरी विकणाऱ्यांच्या तोंडावर म्हणतो.

घरी सफाई करण्याचा खरा फायदा पुसण्याआधी आहे. पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. होजच्या जोडावर गुलाबी किंवा हिरवट पापडी सुकलेली दिसली तर तिथून कूलंट झिरपतोय. ऑइलच्या झाकणाभोवती डाग असेल तर बहुधा गेल्या सर्व्हिसिंगला सांडलेलं. पण इंजिनाच्या वरच्या कव्हरच्या कडेकडेने ओल उतरलेली असेल तर गॅस्केट, म्हणजे जोडातली सील, बघायला हवं. ते ऑइल एक्झॉस्टवर ठिबकलं की धुराचा वास केबिनमध्ये येतो, आणि आगही लागू शकते. पुसा, आठवडाभर गाडी चालवा, परत बॉनेट उघडा. ओल परत आली तर गळती, नाही आली तर जुना डाग. जेटने धुतलेल्या इंजिनात हा सगळा पुरावा गटारात जातो. सेकंडहँड गाडी विकणारे इंजिन धुऊन, वर सिलिकॉनचं पॉलिश मारून का ठेवतात ते आता ध्यानात यावं. माझ्याकडे कुणी जुनी गाडी दाखवायला आणली आणि बॉनेटखाली ती काजळ घातल्यासारखी चमकत असली, तर मी आधी खाली टॉर्च लावून बघतो. पॉलिशचा फवारा बेल्टवर उडाला तर बेल्ट घसरतो आणि किंचाळतो, हेही जाता जाता.

उंदरांबद्दल वेगळं लिहावं लागेल. बाजार समितीच्या आसपास, धान्याच्या गोदामांजवळ रात्री गाडी लावणाऱ्यांना हे पाठ आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि वायर त्याच्या तोंडात बरोबर बसते. बॅटरीच्या मागे किंवा इंजिनाच्या कव्हरखाली त्याचं घरटं सापडतं. कापूस, कागदाचे कपटे, फेल्टच्या गादीचे तुकडे, शेंगांची टरफलं. हे घरटं झाडूने कोरडं झाडू नका आणि ब्लोअर तर मुळीच मारू नका. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो, हे नवी मुंबईत दर पावसाळ्यात ऐकतो ना आपण? हातावर कापलेलं-खरचटलेलं असेल तर आधीच सांभाळा. रबरी मोजे, मास्क, नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून घरट्यावर शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधा. धातूवर आणि कपलरवर ब्लीच ओतू नका, जिथे घरटं आहे तेवढ्यावरच, आणि नंतर तिथलं पुसून घ्या. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, बाजारातले फवारे, सगळे उपाय मी लोकांना करताना पाहिलेत. आठ दिवसांनी वास उडतो आणि पाहुणा परत येतो. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून डोकावणं आणि सीटखाली पडलेला फरसाण झाडून टाकणं, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

सीएनजी गाड्या आपल्याकडे घरटी एक म्हणावं इतक्या. सिलिंडर डिकीत असला तरी त्याची नळी बॉनेटखाली रेग्युलेटरला येते, आणि टाकी भरल्यावर आतला दाब २०० बारच्या आसपास असतो. त्या नळीचे जोड पुसायला म्हणून पाना लावू नका, ब्रशने ओढू नका. हलकेच सुकं फडकं. गॅसचा वास येत असेल तर सफाई तिथेच थांबवा, बॉनेट उघडं ठेवा आणि सीएनजीच्या जाणकार माणसाला बोलवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबली दिसतील. त्या शेकडो व्होल्टच्या असतात. तिथे माझ्यासारखा इलेक्ट्रिशियनही प्रशिक्षणाशिवाय हात घालत नाही. वरच्या कव्हरची धूळ पुसा, पाणी नको, बाकी सर्व्हिस सेंटरवर सोडा.

काम संपलं की पिशव्या काढा. एकही राहू देऊ नका, आणि फडकं तर नाहीच. एक्झॉस्टजवळ विसरलेल्या फडक्याने गाडी पेटते. बॉनेट अर्धा-पाऊण तास उघडं ठेवा, मग बॅटरी जोडा, गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर ठेवा. वेगळा आवाज, वेगळा दिवा काही दिसलं तर लगेच बंद.

पूजेबद्दलही एक सांगायचं राहिलं. खंडेनवमीला इंजिनालाही हळद-कुंकू लागावं ही भावना मी समजतो, माझ्या स्कॅनरलाही मी लावतो. पण नारळ फोडून त्याचं पाणी बॉनेटच्या आत शिंपडतात, ते नको. त्या पाण्यात क्षार असतात आणि कपलरला ते साध्या पाण्याहून जास्त लागतं. चाकाशी शिंपडा. झेंडूचा हार ग्रीलवर घातला असेल तर खंडाळ्याचा घाट चढायच्या आधी काढून ठेवा, रेडिएटरची हवा अडून इंजिन तापतं.

आता बादलीतल्या पाण्याचं. ते थोडंच असतं, पण काळं आणि तेलकट असतं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतू नका. नवी मुंबईतली पावसाळी गटारं नाल्यांना मिळतात, नाले सिडकोने बांधलेल्या धारण तलावांना, आणि तिथून पाणी कुठल्याही प्रक्रियेशिवाय खाडीत. ठाणे खाडीचा काही भाग फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत आला, त्याचे फलक आपण अभिमानाने लावले आहेत. बादली घरी न्या आणि बाथरूमच्या मोरीत ओता. ते पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. ऑइलने माखलेली फडकी सुकवून वेगळ्या पिशवीत, ओल्या कचऱ्यात नाही.

यावरून दोन मागण्या आहेत, म्हणून तर वर्तमानपत्राकडे आलो. पहिली महापालिकेकडे. सर्व्हिस रोडवर आणि मोकळ्या प्लॉटवर दसऱ्याच्या आधी जी तात्पुरती वॉशिंग सेंटरं उभी राहतात, त्यांचं ऑइलमिश्रित पाणी थेट पावसाळी गटारात जातं आणि धुवायला वापरतात ते पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याचं असतं, मोरबे धरणाचं. कायमच्या सेंटरांना ऑइल अडवणारा खड्डा असायला हवा, तो आहे की नाही हे कुणीतरी येऊन बघावं. गरीब पोरांचे धंदे बंद करा असं मी म्हणत नाही. दोन कप्प्यांचा खड्डा, आठवड्याला वरचं ऑइल काढून भंगारवाल्याला न देता अधिकृत रीसायकलवाल्याकडे, एवढंच.

दुसरी मागणी सोसायट्यांच्या कमिट्यांकडे. बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये गाडी धुवायला सरसकट बंदी आहे. पाइप लावून धुणाऱ्यांसाठी ती योग्य आहे. पण एक बादली घेऊन रविवारी सकाळी बॉनेट पुसणाऱ्या माणसालाही वॉचमन हटकतो, आणि तो माणूस मग नाइलाजाने गाडी जेटखाली नेतो. नियमात ‘पाइपला बंदी, बादलीला परवानगी’ एवढी दुरुस्ती करायला वार्षिक सभेची वाट बघावी लागू नये.

वॉशिंग सेंटरवर गाडी द्यायचीच असेल, आणि बाहेरून धुवायला जरूर द्या, तर बॉनेटची लीव्हर ओढूच नका. ती ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, आत असते. विचारलं तर सांगा, आतलं घरी करतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
कोपरखैरणे, नवी मुंबई

(कृपया नाव छापू नये. समोरच्या वॉशिंग सेंटरवाल्याशी रोजचा चहा आहे.)